गांडूळसर तोंड उघडत नाहीत

विद्यापीठातल्या मृदाशास्त्राच्या प्राध्यापकांना सगळे गांडूळसर म्हणत, आणि त्यांनाही ते आवडे. वाईट एवढंच, की तीस वर्षांत त्यांच्या गांडुळांबद्दल आपणहून कुणी एक प्रश्न विचारला नव्हता. घरी विषय निघाला की बायको "दूध उतू जातंय" म्हणून उठायची, गॅस बंद असला तरी. आणि आता, निवृत्तीला चार महिने उरले असताना, परदेशातल्या एका शेतीसंस्थेनं त्यांना आठ दिवस सल्लागार म्हणून बोलावलं होतं. सर हरखून गेले होते.

पण बाहेरचं काम, त्यातून परदेशात, म्हणजे अर्जावर विद्यापीठाच्या सुरक्षा अधिकाऱ्यांची सही हवी. हे गृहस्थ निवृत्त फौजदार. त्यांना टपालाच्या पाकिटातही कट दिसे.

"सर, तिकडं लोक गोड बोलून माहिती काढतात. तुम्ही फसाल," ते म्हणाले.

"मी? छे हो!"

दुसऱ्याच दिवशी एका बाईंचा फोन आला. "सर, तुमच्या संशोधनाबद्दल थोडं सांगाल का?"

सरांना भरून आलं. दीड तास ते बोलत होते. न छापलेले निष्कर्ष सांगितले, तक्ते पाठवले, वर प्रयोगशाळेची किल्ली कुंडीखाली असते हेही सांगून टाकलं. शेवटी बाई रडकुंडीला आल्या.

"सर, मी सुरक्षा कार्यालयातली लिपिक. ही तुमची परीक्षा होती. आता ठेवू का फोन?"

"थांबा, शेणाचा मुद्दा राहिला!"

सर अर्थातच नापास झाले. "एक शेवटची संधी," फौजदारसाहेब म्हणाले. "पुन्हा फोन येईल. कधी, कुणाचा, सांगणार नाही. एक शब्द जरी फुटला तर परदेश विसरा."

सरांनी तोंडाला कुलूपच घातलं. शेजाऱ्यांनी "काय, बरं आहे ना?" विचारलं, तर "तुम्हाला कशाला हवंय?" म्हणाले. बायकोनं भाजी कुठली करू विचारलं, तेव्हा नुसती मान हलवली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला. आवाज भलताच गोड. "सर, गांडुळांबद्दल दोन-तीन शंका होत्या."

जिभेवर आलेलं सरांनी महत्प्रयासानं गिळलं. "गांडूळ? म्हणजे काय?"

"अहो सर, तुमचा तीस वर्षांचा अभ्यास..."

"काहीतरी घोटाळा होतोय. मला माती आणि सिमेंट यातला फरक कळत नाही."

"पण तुमचे निबंध?"

"माझे नाहीत ते!" आणि सरांनी फोन ठेवला.

"अहो, किती थोडक्यात बोललात!" बायको कौतुकानं म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदाच म्हणाली.

सकाळी सर ऐटीत सुरक्षा कार्यालयात गेले. "काय साहेब, कालचे गुण किती?"

"कसले गुण? आमचा फोन उद्या ठरलाय."

तेवढ्यात सरांच्या मोबाईलवर ईमेल आली. शेतीसंस्थेची होती. 'काल आमच्या प्रतिनिधीशी आपण जो प्रामाणिकपणा दाखवलात, त्याबद्दल आभारी आहोत. गांडूळ म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे, असे तज्ज्ञ आम्ही आता शोधत आहोत.'

सर मटकन खुर्चीत बसले. फौजदारसाहेबांनी मोबाईल घेऊन ईमेल दोनदा वाचली. त्यांचे डोळे पाणावले.

"सर, पस्तीस वर्षांच्या नोकरीत असा पक्का माणूस पाहिला नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी अर्जावर शिक्का हाणला. "परदेशी जायला परवानगी!"