ऐरणींची सलामी

गव्हर्नरसाहेबांची गाडी स्टेशनात तीनच मिनिटे थांबणार होती. तेवढ्यात शिक्षक घडवणारी सरकारी शाळा आपल्या गावी खेचून आणतो, असे मिल ब्रूकचे नगराध्यक्ष लेम्युएल प्रेंटिस छाती ठोकून सांगत होते. शेजारचे हार्लो गावही त्याच शाळेवर टपून बसले होते. भाषण बावीस पानांचे झाले होते.

"अहो, तीन मिनिटं तुमच्या नमनालाच पुरायची नाहीत," पत्नी हेप्सीबाबाई म्हणाल्या. नगराध्यक्षांनी पुन्हा पहिल्या पानापासून घोकायला सुरुवात केली.

गावाला तोफ नव्हती. म्हणून दर स्वातंत्र्यदिनी देत तीच सलामी ठरली: लोहाराच्या ऐरणीवरच्या खळग्यात बंदुकीची दारू ठासायची, वर दुसरी ऐरण पालथी घालायची आणि बत्ती द्यायची. दूरवर इंजिनाचा धूर दिसताच नगराध्यक्षांनी हात उंचावला. तीन बार असे झाले, की चर्चच्या काचा थरथरल्या.

आता रेल्वेची रीत अशी, की पुढे धोका असला म्हणजे रुळांवर फटाके लावायचे, आणि बार ऐकताच ड्रायव्हरने गाडी थांबवायची. या ड्रायव्हरनेही ती इमानाने थांबवली. पाऊण मैल अलीकडे, एसा टिबेट्सच्या डुकरांच्या आवारापाशी!

नगराध्यक्ष रेशमी टोपी सावरत धावत सुटले. मागून बँड धापा टाकत निघाला. आडवाटेने कुंपणावरून घेतलेली झेप थेट डुकरांच्या डबक्यात संपली. टोपी एका डुकरिणीला पसंत पडली. बावीस पानांचा लगदा झाला.

पलीकडे गाडीतून उतरलेले गव्हर्नरसाहेब टिबेट्सचा हात हाती घेऊन उभे होते. सोहळ्याला निघालेला टिबेट्स रविवारी चर्चला घालायच्या ठेवणीतल्या कोटात होता. तो एवढेच म्हणाला, "साहेब, सात पोरं आहेत मला. शिकवायला माणूस मिळत नाही."

शिट्टी झाली. डब्यात चढता चढता साहेब चिखलातल्या माणसाकडे वळले. "डुकरं झकास ठेवलीयत हं तुम्ही."

नगराध्यक्षांनी तोंड उघडेपर्यंत गाडी हलली होती.

पंधरवड्याने पत्र आले. शाळा मिल ब्रूकला मिळाली होती. पत्र मात्र 'नगराध्यक्ष टिबेट्स' यांच्या नावे होते. त्यात त्यांच्या मोजक्या वक्तृत्वाची तारीफ होती, आणि शेवटी त्या कष्टाळू डुक्करवाल्याची आपुलकीने चौकशी.

"खरं काय ते कळवायचं का?" हेप्सीबाबाईंनी हळूच विचारले.

नगराध्यक्षांनी पत्र पुन्हा एकदा वाचले. मग दौत पुढे ओढून त्यांनी शाळेबद्दल गावाच्या वतीने मनापासून आभार मानले, आणि खाली सुवाच्य अक्षरांत लिहिले: "डुकरे मजेत आहेत."