तुडवणूक सहायक (तात्पुरता)

समाजाची उंची त्याच्या पायाखाली काय आहे यावरून मोजावी, असं शहाणी माणसं सांगतात. हिरवळ संशोधन संस्था याच तत्त्वावर उभी आहे. बागा, मैदानं आणि मोठ्या कचेऱ्यांची अंगणं यांसाठी, कोणीही यावं आणि तुडवून जावं असं एकच गवत शोधणं, हे तिचं ध्येय. त्यासाठी शास्त्रज्ञांनी बसथांब्यामागून, कोर्टाच्या पायऱ्यांलगतून, पडक्या कुंपणाखालून असं दोनशे बारा ठिकाणचं रानगवत खणून आणलं. (दोनशे तेरावा नमुना वाटेत एका बकरीनं खाल्ला. तिचा अभिप्राय नोंदवलेला नाही.) जात एकच, पण नात्यानं सख्खं आणि वागायला चुलत: कुठलं बुटकं, कुठलं लांबट, कुठलं नुसतंच आडवं पसरणारं. 'विविधता मोठ्या प्रमाणावर आढळली. ही बाब गंभीर आहे,' अशी अहवालात नोंद झाली.

निवड करायची म्हणजे तुडवणं आलं, आणि तुडवायला माणूस आला. त्याचं पद 'तुडवणूक सहायक (तात्पुरता)'. अकरा महिन्यांची नेमणूक, एका दिवसाचा खंड, पुन्हा अकरा महिने, असं चौदा वर्षं चाललं होतं. जाड बूट घालून आळीपाळीनं रोज वीस वाफे, प्रत्येकावर चाळीस फेऱ्या. मुलीनं शाळेच्या फॉर्मवर 'वडील काय करतात?' यापुढे 'चालतात' असं लिहिलं होतं. बाईंनी लाल शाईनं 'कुठे?' असं विचारलं. त्याला आस एकच होती. अंतिम अहवाल झाला की कायम करू, असं साहेब सहाव्या वर्षी म्हणाले होते.

रोज संध्याकाळी बायको त्याच्या मोज्यांत बियांसकट अडकलेली कुसळं वेचायची. ती सगळी एकतीस नंबरची, पडक्या कुंपणाखालच्या गवताची. ते तुडवलं की दुसऱ्या दिवशी जास्तच ताठ उभं राहायचं, भरभरून फुलोरा धरायचं आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला टोचल्याशिवाय सोडायचं नाही. शास्त्रज्ञांनी त्याच्यापुढे 'असहकारी वृत्ती' असा शेरा मारला होता. तुडवणूक सहायकाला मात्र ते मनापासून आवडायचं. बायको कुसळं बिस्किटांच्या डब्यात साठवत गेली. कशासाठी, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

शेवटी निवडीचे निकष आले. त्यानं ते घरी मोठ्यानं वाचून दाखवले. "उंची वाढू नये. पाणी मागू नये. फुलोरा धरू नये. तुडवल्यावर चोवीस तासांत पूर्ववत हसतमुख व्हावे."

बायको भाजी चिरत होती. "अहो, हे गवताचं आहे की तुमचं?"

"माझं असतं तर एव्हाना कायम नसतो का झालो?"

निवड झाली सत्त्याहत्तर नंबरची, कोर्टाच्या पायऱ्यांलगतच्या गवताची. रांगेतल्या माणसांच्या पायाखाली पिढ्या काढून त्यानं वाढायचा नादच सोडून दिला होता. एकतीस नंबर उपटून जाळायचा आदेश निघाला. राहता राहिला तुडवणूक सहायक.

"साहेब, मग माझं कायम व्हायचं?"

"चाचणी संपली म्हणजे पदही संपलं," साहेब म्हणाले. "पण चौदा वर्षांत तुमच्याबद्दल एकही तक्रार नाही हं. असं फार थोड्यांचं असतं."

त्याला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. चोवीस तास उलटले तरी तो हसतमुख झाला नाही, ही त्याच्या नोकरीतली पहिली अनियमितता. नव्या आदर्श हिरवळीवर त्याला निरोपाच्या चाळीस फेऱ्या मारायच्या होत्या. त्या त्यानं बिस्किटांचा डबा काखेत घेऊन मारल्या आणि परतताना डबा रिकामा होता.

हिरवळ लोकांना खुली झाली तेव्हा तुम्हीही आला होतात. चपला काढून चाललात, "काय मऊ आहे!" म्हणालात. ती मऊ कशानं झाली, हे विचारायचं राहून गेलं. असो, गर्दीही होती. पुढच्या खेपेला मात्र तुमच्या तळव्यात कुसळ गेलं आणि तुम्ही दोन पानी तक्रार लिहिलीत. (आजवरची सर्वांत सविस्तर.) संस्थेनं तत्परतेनं दखल घेतली. एकतीस नंबर दिसेल तिथे चिरडण्यासाठी तुडवणूक सहायकाचं पद पुन्हा निर्माण झालं, अर्थात तात्पुरतं. अनुभवी उमेदवार जगात एकच असल्यामुळे त्यालाच बोलावणं गेलं.

आता तो रोज फेऱ्या मारतो. फुलोऱ्यापाशी आला की त्याचं पाऊल जरा बाजूला पडतं, अशी कुजबुज आहे. साहेबांना अजून पत्ता नाही. तक्रारीचे फॉर्म फाटकापाशीच ठेवले आहेत, पेनही दोरीनं बांधून ठेवलं आहे. तुम्ही भरालच.