बुडत नसलेल्या बाईची सुटका

सकाळी शर्टाचं बटण लागेना, तेव्हापासूनच ब्रेकबाई धुमसत होत्या. बोटं लाकडासारखी ताठली होती. नवऱ्यानं काही न बोलता पुढे होऊन बटणं लावून दिली. त्याचं ते न बोलणंच त्यांच्या डोक्यात गेलं. बोलला असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

ब्रेकबाई हे नाव त्यांना शिकाऊ चालकांनी दिलं होतं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत बाजूच्या सीटवर बसून, पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय रोवून त्यांनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली होती. शिकवताना असं काही झापलं होतं, की लोक अजूनही सिग्नलला थांबले की एकदा बाजूच्या सीटकडे बघून घेत. दोन वर्षांपूर्वी या बाईंना संधिवातानं गाठलं. वय झालं की गुडघे कुरकुरतात तो नव्हे, आपलंच शरीर आपल्याच सांध्यांवर उठतं तो. औषधांनी सूज बरीच उतरली, पण हातात जोर येईना. हँडब्रेक ओढता येईल तेव्हा परत या, असं स्कूलच्या मालकानं गोड आवाजात सांगून टाकलं. त्या गोड आवाजाचाही त्यांना राग होताच.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की बसून राहाल तर सांधे आखडतील. व्यायाम करायचा, पण बेतानं. फिजिओथेरपिस्टनं त्यांना कोमट पाण्याच्या तलावात छातीभर पाण्यात उभं राहून करायचे व्यायाम शिकवले. गुडघे उचलायचे, हात पसरायचे, मुठी मिटायच्या, उघडायच्या. हिसका द्यायचा नाही. एखादा सांधा सुजून गरम झाला असेल, तर त्या दिवशी त्याच्यावर जोर नाही, नुसता हलका हलवायचा. नंतर तासदोन तासांनीही दुखतच राहिलं, तर आज जास्त झालं असं समजून उद्या कमी करायचं. ब्रेकबाईंना हे एकदम पटलं. नियम असलेली कुठलीही गोष्ट त्यांना पटत असे.

नवऱ्याला मात्र त्यातलं काहीच पटलं नव्हतं. दुखणाऱ्या माणसानं पडून राहावं, हे त्याचं मत. तो बायकोच्या हातातला कप काढून घेई, दार उघडायला तिच्या आधी धावे आणि दिवसभर "तू बस, मी करतो" म्हणत घरभर फिरे. परगावी राहणारी त्याची थोरली बहीण रोज संध्याकाळी फोनवरून त्याला दुजोरा देई. प्रेमानं माणसाचं लोणचं घालतात दोघं, असं ब्रेकबाई म्हणत, आणि दुपार झाली की टॉवेल उचलून तलावावर निघून जात.

त्या दुपारी तलावावर नवा लाइफगार्ड आला होता. दांडगा गडी, आणि कामावर इतकी श्रद्धा, की उंच खुर्ची दिलेली असूनही तो उभाच होता. पाण्यात ब्रेकबाई एकट्याच होत्या. त्यांचे हात सावकाश वर येत होते, सावकाश खाली जात होते. एकीकडे आवाज न काढता त्या स्कूलच्या मालकाला मनातलं सगळं सुनावत होत्या. काठावरून दिसत होतं ते एवढंच, की एक बाई हात वर करतेय, तिचं तोंड उघडतंय, मिटतंय, पण आवाज फुटत नाही. बुडणारी माणसं अगदी अशीच दिसतात, असं लाइफगार्डला प्रशिक्षणात शिकवलं होतं. त्यानं शिट्टी फुंकली आणि सूर मारला.

मागून कुणीतरी काखेत हात घालून ओढतंय म्हटल्यावर ब्रेकबाईंनी आधी कोपर मारलं.

"सोड मला. मी उभी आहे, मेल्या. पाय टेकलेत माझे."

"घाबरू नका काकू, आलाच काठ."

बुडणारा माणूस वाचवणाऱ्याला मारतो, हेही त्याला शिकवलं होतं. त्यामुळे बाई जितकी झटापट करत, तितकी त्याची पकड घट्ट होई. दोन महिने जपलेल्या उजव्या खांद्याला असा हिसका बसला, की त्यांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. काठावर त्यांना कुशीवर निजवून पाठ थोपटण्यात आली. कपडे बदलायच्या खोलीतून माणसं धावत आली आणि कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

मग तलावाचा मॅनेजर आला. मी बुडत नव्हते, असं ब्रेकबाईंनी त्याला तीन वेगवेगळ्या आवाजांत सांगितलं. त्यानं समजूतदारपणे मान हलवली.

"बुडणाऱ्याला बऱ्याचदा कळत नाही मॅडम, आपण बुडतोय ते."

एकदा पाण्यातून काढलेल्या माणसाला पुढे एकट्यानं पाण्यात उतरता येणार नाही, घरचं कुणीतरी सोबत पाण्यात हवं, असा तलावाचा नियम होता. तो वाचून दाखवला जात असतानाच नवरा पोचला. एका पायात बूट, दुसऱ्या पायात चप्पल. त्यानं बायकोला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "मी सांगतच होतो."

यानंतर ब्रेकबाई जे बोलल्या ते ऐकून टाळ्या वाजवणारा माणूससुद्धा निघून गेला.

खांदा सुजला. फिजिओथेरपिस्टनं चार दिवस त्याच्यावर जोर द्यायला बंदी केली. त्या चार दिवसांत ब्रेकबाईंनी घरातल्या प्रत्येक वस्तूशी भांडण उकरून काढलं. पाचव्या दिवशी त्या तलावावर गेल्या आणि मॅनेजरला असं फैलावर घेतलं, की त्यानं लाइफगार्डला समोर बोलावून तंबी दिली. या बाईंनी पाण्यात काहीही केलं, हात वर केले, ओरडल्या, तरी त्यांच्या जवळ जायचं नाही. हा त्यांचा व्यायाम आहे. लाइफगार्डनं नीट ऐकून घेतलं. सोबतीचा नियम मात्र वरून आलेला होता, तो काही हलेना. म्हणजे नवऱ्याला पाण्यात उतरणं आलं.

नवरा आयुष्यात बादलीपेक्षा खोल पाण्याजवळ गेला नव्हता. तो पायऱ्या उतरला आणि काठाच्या दांड्याला दोन्ही हातांनी लटकला.

"दांडा सोडा," ब्रेकबाई म्हणाल्या. "गुडघे सैल. समोर बघा, खाली नाही."

"तू तुझा व्यायाम कर. मी आहे इथंच."

"असे लटकून कसली सोबत करताय? सोडा म्हणतेय ना."

त्यानं दांडा सोडला. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, तिसऱ्याला पाय सटकला आणि तो पाण्याखाली बसला. वर आला तो बायकोच्या गळ्यातच, आणि तिलाही घेऊन पुन्हा खाली निघाला. ब्रेकबाईंनी कसाबसा तोल सावरला, दोन्ही हात वर करून जोरजोरानं हलवले आणि लाइफगार्डला हाक मारली. पुन्हा मारली. तो खुर्चीशेजारी उभाच होता. त्यानं हसून हात वर केला आणि नम्रपणे दुसरीकडे पाहिलं.

त्या क्षणी ब्रेकबाईंना जितका राग आला, तितका रागाच्या दीर्घ कारकिर्दीत कधी आला नव्हता. पण अक्कल शाबूत होती. वजन बोटांवर घ्यायचं नाही, मनगटापासून कोपरापर्यंतच्या हातावर, अंगाशी धरून घ्यायचं, हे फिजिओथेरपिस्टनं घोकून घेतलं होतं. त्यांनी नवऱ्याच्या काखांखालून दोन्ही हात घातले, त्याला छातीशी आवळलं आणि एकेक पाऊल मागे टाकत, हिसका न देता, पायऱ्यांपर्यंत आणून बसवलं. पाण्यात तो हलका लागला. तो खोकून खोकून पाणी बाहेर काढत राहिला.

"अगं, तुझा खांदा..."

खांद्याची त्यांना आठवणच राहिली नव्हती. आता त्यांनी तो हळूच फिरवून पाहिला. ठणकत होता, पण थोडासाच, आणि जरा वेळानं तो ठणकाही थांबला.

बाहेर पडताना लाइफगार्ड अदबीनं पुढे आला. "काकू, आज व्यायाम फार छान झाला."

ब्रेकबाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याला तेवढं पुरलं.

संध्याकाळी नवरा घोंगडीत गुरफटून बहिणीशी फोनवर बोलत होता. ब्रेकबाई आतल्या खोलीत मुठी मिटत उघडत होत्या. दार लोटलेलं होतं, तरी शब्दन् शब्द ऐकू येत होता. पाणी बरंच खोल होतं. तो लाइफगार्ड कुचकामी निघाला. ही घाबरली होती, पण मी होतो ना बरोबर. मीच आणली काठाला.

ब्रेकबाई ताडकन उठल्या. बाहेर येऊन त्यांनी हात पुढे केला. नवऱ्यानं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि निमूटपणे फोन दिला. त्यांनी तो कानाला लावला, एक दीर्घ श्वास घेतला, आणि घरानं बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता अशा मऊ आवाजात त्या बोलू लागल्या.

"हो वन्सं, अगदी खरं आहे. ह्यांनीच वाचवलं मला. आता मी पुन्हा गाडी शिकवायला लागेपर्यंत रोज येणार आहेत वाचवायला. उद्यापासून खोल भागात."

नवऱ्यानं घाईघाईनं फोनसाठी हात पुढे केला. ब्रेकबाईंनी त्याच्याकडे पाठ फिरवली आणि नणंदेच्या प्रकृतीची सविस्तर चौकशी सुरू केली.