आबांची बॅटरी

पावसाळ्यात आबा परब रस्त्यावर दिसले की आधी त्यांच्या ट्रकची बॅटरी दिसे. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर बॅटरी, आणि बॅटरीच्या अंगात लष्करातून आणलेला घरातला एकमेव रेनकोट. आबा खाली, अंगभर भिजलेले. खाडी पार करणाऱ्या तरीत बसल्यावर ते बॅटरी मांडीवर घेत आणि कोणी तिच्याकडे शिंकलं तर जागा बदलत.

पलीकडे भाताची गिरण होती. गिरणीच्या इंजिनाला एक डायनामो जोडलेला होता. बॅटरी भरून मिळण्याची पंचक्रोशीत तेवढीच सोय. दर चार-पाच दिवसांनी आबा तिथे जात, आणि तरीवर कोणीतरी विचारीच, "आबानू, बॅटरीक ताप इलो काय?"

"ताप नाही, अशक्तपणा," आबा शुद्ध मराठीत सांगत. एरवी ते गावातल्या सगळ्यांसारखे मालवणीत बोलत. बॅटरीचा विषय निघाला की त्यांची भाषा कचेरीचा कोट घाली. "उभी बॅटरी स्वतःलाच खाते, हे तुम्हां लोकांना कळणार नाही." खिशात पेनाच्या जागी आकडे कोरलेली काचेची नळी असे. ती बॅटरीत बुडवून ते आतलं पाणी वर ओढत आणि नाडी पाहिल्यासारखा चेहरा करत. तेजाबाने त्यांच्या खाकी विजारीला इतकी भोकं पडली होती, की विजार कुठे संपते हे अंदाजाने ठरवावं लागे. बॅटरीत भरायला पावसाचं पाणी. तेही कौलांवरून आलेलं नव्हे, थेट आभाळातून लोणच्याच्या बरणीत पडलेलं. बरणीच्या काठावर कावळा बसला तर सगळं ओतून पुन्हा सुरुवात. गावातल्या देवाला एवढं सोवळं नव्हतं.

या सगळ्याच्या मुळाशी काकी होती. आबांची बायको. तिला क्षय होता. पहिल्या खेपेला आबा तिला एस्टीने घाटावरच्या इस्पितळात घेऊन निघाले, तेव्हा ती खोकली आणि उतारूंनी दोघांना आंबोलीच्या अलीकडे रस्त्यावर उतरवलं. परत आल्यावर आबांनी लष्कराच्या लिलावातला एक ट्रक घेतला आणि त्याच्या पाठीवर फळ्यांची खोली बांधली. आत खाट, खिडकी, पाण्याचा गडू ठेवायला फळी. त्या खोलीतून त्यांनी काकीला दोनदा वर नेलं, दोनदा खाली आणलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा रक्त पडलं तर लगेच घेऊन या.

पावसाच्या चार महिन्यांत ट्रक मांगरात, म्हणजे घरामागच्या मोठ्या छपरात, चार चिऱ्यांवर उभा असे. हातानं चालू करायचं हँडल लिलावातच मिळालं नव्हतं, आणि आमच्या चिखलात ढकलून तो चालू झाला नसता. म्हणजे सगळा भरवसा बॅटरीवर. पण ती उतरे. भरून आणली की चार दिवसांत बसलेली. आबा खाऱ्या हवेला दोष देत, गिरणवाल्याला देत, एकदा तर ग्रहणालाही दिला.

मी हायस्कुलात मास्तर होतो आणि शेजारी राहत होतो. एका दुपारी शाळा लवकर सुटली. मांगरावरून येताना फटीतून उजेड दिसला म्हणून आत डोकावलो. ट्रकचे पुढचे दोन्ही दिवे लागलेले होते. समोरच्या भिंतीवर दोन पिवळी वर्तुळं, आणि त्या उबेत दोन कोंबड्या. ड्रायव्हरच्या जागी काकी बसून तांदूळ निवडत होती.

"दार ओढून घेवा, मास्तर. वारो लागता," ती म्हणाली.

"काकी, हे दिवे?"

"मीच पेटवतंय. हे जेवन निजले काय येतंय. बॅटरी बसली काय गाडी खंय हलता?" तिने एक खडा टिपून फेकला. "माका वर जावचा नाय. थंय माझ्या बाजूच्या खाटीर तीन बायको मेल्यो. मी मेलंय तर थंय पिंडाक शिवाक वळखीचो कावळो तरी आसा काय?"

मी दोन दिवस जाऊ दिले. मग आबांना गाठलं. ते नळीत पाहत होते.

"आबा, ही बॅटरी दुपारीच का उतरते?"

"खारी हवा," ते म्हणाले. मग नळी पुसून खिशात ठेवली, आणि बॅटरीच्या गोष्टीत प्रथमच मालवणीत आले. "माका म्हायत आसा, मास्तर. उठल्यार दिव्याची काच हातान बघतंय. गरम आसता."

"मग भरून कशाला आणता?"

"भरूची सोडलंय तर तिका वाटतला, ह्यांनी आशा सोडली." बॅटरीचं बूच घट्ट करत म्हणाले, "आणि ती उतरवता तोपर्यंत बरा. मांगरापर्यंत चलान जाता ना."

गणपती गेले, आणि बॅटरी उतरायची थांबली. चार दिवस, आठ दिवस, नळीतला आकडा हलेना. भरलेल्या बॅटरीकडे इतक्या पडलेल्या चेहऱ्याने पाहणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

नवव्या दिवशी सकाळी काकीला रक्त पडलं. मालवणहून डॉक्टर आले. म्हणाले, वर न्याल तर थोडी आशा आहे, फार नाही. शेजाऱ्यांनी चिरे काढले, चाकं जमिनीला लावली, खोलीत गोधड्या घातल्या. ओटीवरच्या खाटेवरून काकी आबांकडे पाहत होती. बोलायची ताकद नव्हती. आबा एकटेच मांगरात गेले. बराच वेळ कसलाच आवाज आला नाही. बाहेर आले ते खाली बघत.

"बॅटरी बसली."

मग शेजारचा दाजी म्हणाला, "सगळो पावसाळो डोक्यार मिरवलंस, आणि आजच?"

"आजच," आबा म्हणाले.

दाजी स्वतः बघायला निघाला. त्याला मागे सारून मी पुढे झालो, का ते तेव्हा सांगता आलं नसतं. मांगरात बॅटरी जागेवर होती. तिची एक तार सोडवून शेजारी ठेवली होती. लपवायचंही त्यांना सुचलं नव्हतं. ती पुन्हा जोडायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी बॅटरीवर एक पोतं टाकलं आणि बाहेर येऊन सांगितलं, "बसली. दिवासुद्धा लागत नाही." आयुष्यभर मुलांना खोटं बोलू नये म्हणून छड्या मारल्या, त्या दिवशी आवाज जराही कापला नाही.

काकीने तिसऱ्या दिवशी त्याच ओटीवर प्राण सोडला. डोकं आबांच्या मांडीवर होतं.

गावात ही गोष्ट अजून हसून सांगतात. चार महिने बॅटरीची सेवा केली आणि गरजेच्या दिवशी तीच बसली. आबांच्या देखत सांगितली तरी ते मान डोलवत. कोणी कारण विचारलं, तर म्हणत, "माझाच हलगर्जीपणा." शुद्ध मराठीत.