हमीच्या मुदतीतली मगर

पूर्वी माणूस माणसाला शब्द देत असे. या पद्धतीत एक मोठी गैरसोय होती, ती म्हणजे दिलेला शब्द पाळावा लागे. पुढे समाज सुधारला, धंदे वाढले आणि ही गैरसोय दूर करण्यासाठी हमीपत्राचा शोध लागला. हमीपत्रात शब्द भरपूर असतात. त्यांतला नेमका कोणता पाळायचा, हे ठरवायला मग जाणकार माणसे लागतात.

त्रुटीकाका अशांपैकी एक होते. (हे नाव अर्थातच आईवडिलांनी ठेवलेले नव्हते.) पाणीपुरवठा कार्यालयात ते हेडक्लार्क होते आणि नळजोडणीच्या अर्जात त्रुटी काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. सही समासाला टेकली, त्रुटी. फोटोतला अर्जदार हसतो आहे, त्रुटी. फोटोतला अर्जदार गंभीर आहे पण समोर उभा असलेला हसतो आहे, तर दोघे एकच असल्याचा पुरावा जोडा. त्यांच्या टेबलावरून पहिल्याच फेरीत पुढे गेलेला अर्ज आजवर एकच, आणि तोही पंख्याच्या वाऱ्याने. लोक बिनपाण्याचे राहत, पण नियमाने राहत, याचे त्यांना समाधान होते.

एका दुपारी त्यांच्या घरचा कॉम्प्युटर फट्ट आवाज करून विझला आणि खोलीभर जळका वास सुटला. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने डबा उघडला, आत नाक घातले आणि निदान केले.

"पॉवर सप्लाय गेलाय, काका. आणि एकटा नाही गेला. मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क सोबत घेऊन गेलाय."

पॉवर सप्लाय म्हणजे घरातली वीज कॉम्प्युटरच्या इतर भागांना बेताबेताने देणारा ठोकळा. याने ती एकदाच, सढळ हाताने दिली होती.

त्या हार्ड डिस्कवर मुलीची मगर होती. मुलगी ॲनिमेशनच्या शेवटच्या वर्षाला होती आणि दाढ दुखणाऱ्या मगरीवर तिने छोटी फिल्म केली होती. एकेक चित्र हाताने काढलेले. मगरीने नुसता गाल धरून बसायचे, तर त्यातच तिची दिवाळीची सगळी सुट्टी गेली होती. महिनाअखेरीस फिल्म कॉलेजात द्यायची होती, नाहीतर वर्ष वाया. खबरदारी म्हणून तिने दुसरी प्रतही ठेवली होती. त्याच डिस्कवर, वेगळ्या फोल्डरात.

"डिस्क आतून ठीक असेल, वरची सर्किटची पाटी जळलीय," दुरुस्तीवाला म्हणाला. "माझा एक ओळखीचा आहे. पाटी बदलून आतलं सगळं काढून देईल."

"मग देऊया ना, बाबा! आत्ताच देऊया!"

"सील तोडावं लागेल?" त्रुटीकाकांनी विचारले.

"ते तर तोडावंच लागेल, काका."

त्रुटीकाकांनी दोघांकडे कीव आल्यासारखे पाहिले. पॉवर सप्लायचा खोका त्यांनी जपून ठेवला होता आणि त्यावर ठळक अक्षरांत छापले होते की या भागामुळे दुसरे काही जळल्यास कंपनी तेही बदलून देईल. खाली, डोळे बारीक करून वाचायच्या अक्षरांत, जळलेले भाग न उघडता सादर करावेत असे होते. "सील तुटलं की आपली बाजू गेली," ते म्हणाले. "ते लोक उद्या म्हणतील, हे तुम्हीच केलंत." आणि तिन्ही भाग पुठ्ठ्याच्या पेटीत घालून, चिकटपट्टी लावून, त्यांनी आयुष्यातला पहिला अर्ज खिडकीच्या चुकीच्या बाजूने केला.

कंपनीचे उत्तर आले आणि त्रुटीकाका खुर्चीत सावरून बसले. अर्जात पुढील त्रुटी आढळल्या होत्या: भाग जळण्यापूर्वीचा फोटो नाही. भाग जळत असतानाचा फोटो नाही (मालकाचा चेहरा स्पष्ट दिसावा). जे भाग जळले नाहीत त्यांची यादी, व ते का जळले नाहीत याचा खुलासा. माऊसचा या प्रकरणाशी संबंध नसल्याबद्दल मालकाचे प्रतिज्ञापत्र.

"वा!" ते म्हणाले. "काय लिहिलंय!"

"कोणी लिहिलंय?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारले.

"आपल्यातलंच कुणीतरी आहे."

इतक्या वर्षांत बरोबरीचा माणूस भेटला नव्हता, तो भेटला. त्रुटीकाका इरेला पेटले. खुलासा गेला, खुलाशावर खुलासा आला. माऊसचे प्रतिज्ञापत्र फेटाळले गेले, कारण त्यात माऊस डावखुरा की उजवा हे नमूद नव्हते. मध्ये एकदा मुलगी दारात उभी राहून काही म्हणाली. त्रुटीकाकांनी मान वर न करता हातानेच तिला थांबवले, कारण त्या वेळी ते एका स्वल्पविरामाशी झुंजत होते.

शेवटी प्रकरण कंपनीच्या सेवा केंद्रात तपासणीला लागले. नियम स्पष्ट होता. पॉवर सप्लाय सदोष आहे हे ग्राहकाने तो सुस्थितीतल्या कॉम्प्युटरला जोडून सिद्ध करावे. कॉम्प्युटर ग्राहकाने आणावा. (केंद्राचा कॉम्प्युटर होता, पण आधीच्या ग्राहकाने त्यावर आपले म्हणणे सिद्ध केले होते.) त्रुटीकाकांनी मेव्हण्याचा आणला. मेव्हण्याचे फोटो छापायचे दुकान होते आणि तो भोळा होता. केंद्रातल्या इंजिनिअरने तारा जोडल्या, बटण दाबले, फट्ट झाले.

"दाजी, हा धूर कसला?" मेव्हण्याने विचारले.

"पुरावा आहे," त्रुटीकाका समाधानाने म्हणाले.

पण इंजिनिअरने अहवालात लिहिले की जोडलेल्या कॉम्प्युटरने कोणताही दोष कळवला नाही. हे खरेच होते. तो आता काहीच कळवण्याच्या स्थितीत नव्हता. सबब, पॉवर सप्लाय निर्दोष. मेव्हण्याने त्या दिवसापासून बोलणे टाकले. केंद्राने त्यालाही स्वतंत्र अर्ज करायला सुचवले होते, परंतु पॉवर सप्लाय त्याच्या नावावर नसल्याने तो अर्ज करता येणार नाही असेही त्याच पत्रात कळवले होते.

दुसरा कोणी खचला असता. त्रुटीकाकांनी अहवाल उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला आणि गालातल्या गालात हसले. इंजिनिअरची सही समासाला टेकली होती.

कंपनी नमली. इतर ग्राहक रागावतात, रडतात, ओरडतात, त्या सगळ्यांसाठी कंपनीकडे ठरलेली उत्तरे होती. समासासाठी उत्तर नव्हते. मुख्य कार्यालयातून स्वतः साहेबांचा फोन आला. "तुमच्यासारखी माणसं आमच्याकडे हवीत हो," ते म्हणाले, आणि त्रुटीकाका फोन कानाला लावूनच उठून उभे राहिले. अर्ज मंजूर! नवा पॉवर सप्लाय, नवा मदरबोर्ड, नवी हार्ड डिस्क, सगळे घरपोच. कार्यालयात पेढे वाटावेत असा हा विजय होता. त्रुटीकाकांनी मंजुरीच्या पत्राला काच लावून घेतली.

पार्सल उघडले. मुलीने डिस्क जोडली आणि पडद्याकडे पाहत राहिली. डिस्क कोरी होती, नवी डिस्क असते तशी.

"बाबा, माझी मगर?"

त्रुटीकाकांनी फाइल काढली. जुनी डिस्क ग्राहकाच्या गोपनीयतेचा आदर म्हणून यंत्रात घालून तिचा भुगा करण्यात येईल, असे कलम होते. ते त्यांनी वाचले होते. चोख कलम म्हणून शेजारी बरोबरची खूणही केली होती. त्यांनी पाने पुढे चाळली, मागे चाळली.

"अर्जात मगरीचा उल्लेख नव्हता," ते हळूच म्हणाले.

"अर्ज तुम्हीच लिहिला होता, बाबा."

त्यांनी फाइल मिटली. त्यांना फार वाईट वाटले, आणि वाईट वाटल्याची नोंद कोणत्या रकान्यात करायची हेही कळेना. महिनाअखेर केव्हाच होऊन गेली होती. कॉलेजने मुलीला तेच वर्ष पुन्हा करायची परवानगी दिली. (तो अर्ज पहिल्याच फेरीत मंजूर झाला. तिथला क्लार्क नवखा आहे.)

त्रुटीकाकांचा राग येणे साहजिक आहे आणि तशी तक्रार करण्याचा वाचकांना हक्क आहे. त्यापूर्वी फक्त एका बाबीचा खुलासा जोडावा. मुलगी मध्ये दारात येऊन काही म्हणाली होती. काय म्हणाली, ते इथे लिहिलेले नाही. तेव्हा आपणही पुढचे वाचायच्या घाईत होता, आणि अर्ज मंजूर झाला तेव्हा आपल्यालाही बरे वाटले होते. मगरीची चौकशी करण्याची खिडकी तोवर उघडीच होती. आपल्याकडून विचारणा आल्याचे आढळत नाही.