ताई बसल्या की घासतं

गाडीचा एक्सल बदलायला मेकॅनिक लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझ्याकडे यावं. निदान रविवार संध्याकाळपर्यंत मी असंच सांगत होतो.

एक्सल म्हणजे इंजिनाचा जोर चाकापर्यंत नेणारा दांडा. आमचा पुढचा डावा खिळखिळा झाला होता. मी गाडी जॅकवर उचलली, खाली आधाराला लोखंडी घोड्या लावल्या आणि दिवसभरात नवा दांडा बसवला. मग भोवतालची फट तपासली. सगळीकडे दोन बोटं आरामात फिरत होती. चाकाकडे जाणारी एक वायर जवळ वाटली, ती प्लॅस्टिकच्या टायने, म्हणजे ओढून आवळायच्या पट्टीने, मागे बांधून टाकली.

सासरे शेजारी खुर्ची टाकून बसले होते. चाळीस वर्षं कारखान्यात लेथ मशीनवर काढलेला माणूस, पण आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सोमवारी अकराला एका डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि त्यांना न्यायचं मी छाती पुढे काढून कबूल केलं होतं.

"फट चाक लोंबकळत असताना मोजलीस?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा. दोन बोटं."

"उभं राहून माप दिलेली पँट कशी झाली ते बसल्यावर कळतं," ते म्हणाले. मी हसून सोडून दिलं.

सोमवारी साडेनऊला सगळे गाडीत बसलो. बायकोची थोरली बहीण, म्हणजे ताई, पुढे माझ्या डावीकडे. बायको आणि सासरे मागे. फाटकाशी वळण घेतलं आणि खालून आवाज आला. टक, टक, टक.

मी अजिबात डगमगलो नाही. असल्या गोष्टी शास्त्रशुद्ध शोधायच्या असतात. बायकोला स्टिअरिंगवर बसवलं, बाकीच्यांना उतरवलं. "डावीकडे पूर्ण वळव आणि अंगणात गोल गोल फिरव, अगदी हळू." मी कंबरेत वाकून, कान चाकाशी लावून शेजारून चालू लागलो. कोंबडीमागे धावणाऱ्या माणसासारखा.

आवाज नाही. मग डावीकडे सासऱ्यांना बसवलं. तरी नाही. ताईंना बसवलं. टक, टक, टक.

"सापडलं!" मी ओरडलो. "ताई बसल्या की घासतं."

वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या शेजारीणबाई हातातला टॉवेल तसाच धरून थांबल्या. बायकोने ब्रेक मारला. ताई खाली उतरल्या आणि माझ्याकडे न बघता बहिणीला म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला सांग, मी टॅक्सीने येते."

"तसं नाही हो ताई. तुमच्या वजनाचा प्रश्नच नाही. तुमच्यामुळे गाडी फक्त खाली बसते."

"आता गप्प बस," बायको म्हणाली. "दहा वाजायला आलेत."

मी टॉर्च घेऊन जमिनीवर आडवा झालो. दांडा दिसला, फट दिसली, खोट मात्र दिसेना. ही तारीख चुकली तर पुढची दोन महिन्यांनी, आणि सासऱ्यांना आताशा चहाचा कपही चाचपडत शोधावा लागत होता.

"इंजिन बंद कर आणि माझा हात तिथे ने," सासरे म्हणाले. ते गुडघ्यांवर बसले, बाही वर सारली आणि चाकामागे हात घातला. डोळे मिटलेले. बोटं दांड्यावरून हळूहळू फिरली आणि थांबली.

"काय रे, एक्सलला मिशी फुटलीय?"

ती मी बांधलेल्या टायची न कापलेली शेपटी होती. गाडी दबली आणि चाक वळलं की ती दांड्यावर टिचक्या मारायची. मी ती पकडीने कापली.

"ताई, चूक माझ्या टायची होती," मी म्हणालो. "बसा ना."

त्या बसल्या, पण मागे. वळणावर गाडीने हूं की चूं केलं नाही. दवाखान्यात पोचलो तेव्हा ठरल्या वेळेला पाच मिनिटं होती. नर्सने सासऱ्यांचे ग्रीसने काळे झालेले हात बघितले आणि मग आम्हा सगळ्यांकडे बघितलं. तीनदा साबण लावावा लागला.

ऑपरेशन छान झालं. उद्या पट्टी निघेल आणि लख्ख दिसेल, असं डॉक्टर म्हणाले. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मग उद्या पहिलं काम," सासरे माझा हात दाबत म्हणाले, "तू गाडीखाली आणखी काय काय केलंयस ते बघतो."

उद्या मी ऑफिसला जरा लवकरच निघणार आहे. गाडी घेऊन.