दीडपट टोपी

"टोपी मी विणतो," असं आबा जेवणाच्या टेबलावर बोलून गेले, आणि लगेच त्यांना शंका आली, आपण हे मोठ्याने बोललो की काय? (बोलले होते. सूनबाईंचा चमचा हवेतच थांबला होता.)

प्रकरण साधं होतं. मागच्या थंडीत सगळे डोंगरावरच्या तळ्याकाठी फिरायला गेले, तेव्हा सहा वर्षांच्या चिमीने दुकानातली टोपी 'टोचते' म्हणून भिरकावून दिली. वारा लागला, कान ठणकला आणि खाण्याचा डबा न उघडताच वरात परत फिरली. यंदा सूनबाईंनी हुकूम काढला होता, की टोपी नाही तर तळं नाही. चिमीचा खालचा ओठ थरथरायला लागला आणि आबांची जीभ घसरली.

आबा म्हणजे पुलांच्या शास्त्रातले डॉक्टर. चाळीस वर्षं कॉलेजात शिकवलं. अजूनही कुठल्याही पुलावरून जाताना मनातल्या मनात त्याला मार्क देतात. स्वतःवर मात्र काडीचा विश्वास नाही. घराचं कुलूप तीनदा ओढून बघणार, आणि मग 'ओढून ओढून ते सैल तर झालं नसेल?' म्हणून वाटेतून परत येणार.

आजींची बोटं आताशा दुखतात. तेव्हा क्रोशाची सुई आबांच्या हातात आणि आज्ञा आजींच्या तोंडात, अशी वाटणी झाली. (पन्नास वर्षांच्या संसारात त्यांना यात नवीन काही वाटलं नाही.)

"आधी साखळी घाला. ती डोक्याच्या घेरापेक्षा दोन बोटं कमीच ठेवा, लोकर ताणते. मग तिच्यावर खांब."

"खांब म्हणतात याला?" आबा खुलले. "मग हा तर माझाच विषय!"

"तुमचे खांब लोकरीचे नव्हते. मोजा मुकाट्याने."

ते 'दोन बोटं कमी' मात्र आबांच्या गळी उतरेना. डोक्यापेक्षा लहान टोपी? अडकली तर? पोरीच्या मेंदूवर दाब आला तर? त्यांनी कागद घेतला, चिमीच्या डोक्याचा घेर एकावन्न सेंटीमीटर लिहिला आणि पुलांच्या हिशोबातली जन्माची सवय म्हणून सुरक्षिततेसाठी दीडने गुणला. आजींना सांगितलं नाही. विणकाम पिशवीत ठेवून फक्त सुईपुरतं बाहेर काढायचे. कुणी डोकावलंच तर म्हणायचे, "पूर्ण झाल्याशिवाय बघायचं नाही."

तळ्यावर जायचा रविवार उजाडला, तरी टोपी व्हायचीच होती. आबा गाडीत मागे बसून विणत राहिले.

"आबा, किती खांब झाले?" चिमीने विचारलं.

"चौपन्न, पंचावन्न... बोललीस ना मध्ये? एक, दोन..."

"आबा, काच वर करू?" सूनबाई म्हणाल्या.

"तीन, चार... करा. एक, दोन..."

"गप्प बसा रे सगळे," गाडी चालवता चालवता चिरंजीव ओरडले, "नाहीतर टोपी उन्हाळ्यात मिळेल!"

तळ्याकाठी पोचता पोचता आबांनी शेंडा आवळला, लोकर तोडली आणि ती पिवळीधमक टोपी चिमीच्या डोक्यावर ठेवली. टोपी डोक्यावर थांबलीच नाही. कपाळ, नाक, हनुवटी असे थांबे घेत ती खांद्यांवर येऊन विसावली.

आतून आवाज आला, "आबा, टोचत नाही!"

"दिसतंय का काही?" सूनबाईंनी विचारलं.

"पिवळं दिसतंय."

आजींनी आबांकडे पाहिलं. "अहो, दोन बोटं कमी सांगितली होती ना?"

"सुरक्षिततेसाठी जरा..."

"जरा म्हणजे?"

"दीडपट."

"लोकर अंगावर कोसळून कुणी जखमी झाल्याचं ऐकलंय कधी?"

सूनबाईंनी गाडीचं दार उघडलं. "तुम्ही सगळे जा. मी हिला घेऊन आतच बसते." टोपीच्या आतून एक बारीक हुंदका आला. आबांनी विचार न करता (हे आयुष्यात प्रथमच) आपल्या गळ्यातला मफलर सोडला, चिमीच्या डोक्याभोवती त्याचे तीन वेढे घातले आणि वर टोपी चढवली. सूनबाईंनी ती ओढून पाहिली, हलवून पाहिली. टोपी ढिम्म.

"पास!" त्या म्हणाल्या.

चिमीने तळ्याला दोन फेऱ्या मारल्या, बदकांना हाका मारल्या, भेटेल त्याला 'आबांनी विणली' म्हणून सांगितलं. आबांना भरून आलं. नंतर लक्षात आलं, की भरून आलंय ते उघड्या पडलेल्या कानात.

"आबा, कान का दाबताय?"

"छे, छे. काही नाही. मी मोजतोय."

पण चेहऱ्यावरचं दुखणं लपेना. वरात पुन्हा परत फिरली. (या वेळी डबा अर्धा उघडला होता, म्हणजे सुधारणा होती.)

घरी आबा कानाला शेक घेत पडले असताना नवा हुकूम निघाला, की टोपी नसेल तर पुढच्या रविवारी आबा घरी. चिमी उठली आणि टेप घेऊन त्यांच्या डोक्याभोवती फिरली.

"आजी, सत्तावन्न भरलं. आता दीडने गुणायचं ना?"

"नको गं बाई," आजी म्हणाल्या. "आबांचं डोकं आहे ते, विणताना गुपचूप गुणणारच. तू आधीच दीडने भाग, बरोब्बर बसेल."